आधी देह, मग जागा

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेहाचं विच्छेदन करून शरीर शिकतात तिथे, पहिल्या दिवशी येणारी मुलं दारातच थांबतात. देह टिकवण्यासाठी वापरलेलं फॉर्मेलिन आधी डोळ्यांना झोंबतं, मग नाकाला. कुणी रुमाल काढतं, कुणी मैत्रिणीचा हात घट्ट धरतं आणि एखादा धडधाकट मुलगा मटकन खाली बसतो. हॉलचे शिपाई, आमचे मामा, त्याला बाहेर व्हरांड्यात नेऊन पाणी द्यायचे आणि त्याच्याशी गावाकडच्या गप्पा मारायचे. सत्तावीस वर्षं मी शरीररचनाशास्त्र शिकवलं. त्यातली बरीचशी सरकारी महाविद्यालयात आणि शेवटची काही खासगी महाविद्यालयात. पहिला दिवस दोन्हीकडे सारखाच असे. फरक कळायचा तो टेबलाजवळ गेल्यावर. सरकारी कॉलेजात एका टेबलाभोवती पंधरा-सोळा विद्यार्थी असत. खासगी कॉलेजातल्या माझ्या शेवटच्या वर्षी दीडशे विद्यार्थ्यांसाठी तीन देह होते आणि त्यातला एक आदल्या वर्षीचा, अर्धा झालेला.

एका देहाभोवती पन्नास मुलं उभी राहिली की पुढची चार-पाच कापतात, त्यांच्या खांद्यावरून दहा-बाराजण पाहतात आणि मागच्यांना पुढच्यांच्या अ‍ॅप्रनच्या पाठी दिसतात. ती मुलं थोड्या वेळाने मोबाइल काढून त्याच भागाचा व्हिडिओ लावतात. मी त्यांना रागावत नसे. रागावून त्यांना काय दाखवणार होते? वर्षाच्या शेवटी सगळ्यांची जर्नल्स पूर्ण होतात, 'वरच्या अवयवाचं विच्छेदन केलं' असं लिहिलं जातं आणि खाली शिक्षकाची सही होते. त्या सह्यांमध्ये माझीही सही आहे आणि ती मला अजून टोचते.

डॉक्टर होणाऱ्या प्रत्येकाने मानवी देहाचं विच्छेदन स्वतःच्या हाताने केलंच पाहिजे, ही अट ठेवलीच पाहिजे. पण ती पाळता येईल इतके देह, तेही संमतीने मिळालेले, ज्या महाविद्यालयाकडे नाहीत त्याला तेवढ्या जागा देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. खाटा किती, शिक्षक किती, ग्रंथालयात खुर्च्या किती हे सगळं मोजूनच मान्यता मिळते. शिक्षकांची हजेरी तर आता चेहरा ओळखून लागते. टेबलावरचे देह मात्र इतक्या काटेकोरपणे मोजलेले मी पाहिले नाहीत.

सरकारनेच दिलेले आकडे पाहा. 2014 पूर्वी देशात एमबीबीएसच्या 51,348 जागा होत्या. 2024 मध्ये त्या 1,12,112 झाल्या. महाविद्यालयं 387 होती, ती 731 झाली. ही वाढ हवीच होती. गडचिरोलीत आणि नंदुरबारमध्ये डॉक्टर नाहीत ही काही खोटी तक्रार नव्हे. पण जागा सरकारी आदेशाने दुप्पट होतात, देह तसे होत नाहीत. दहा विद्यार्थ्यांमागे एक देह हे प्रमाण आम्ही शिक्षक आदर्श मानतो. त्या हिशेबाने लाखभर जागांना दरवर्षी दहा हजारांहून अधिक देह लागतील. शिवाय दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी या शाखांची महाविद्यालयंही त्याच शवागारांकडे आणि त्याच देहदात्यांकडे आशेने पाहत असतात.

वेळही आक्रसत गेला आहे. आमच्या पिढीचं फर्स्ट एमबीबीएस दीड वर्षाचं होतं. 1997 च्या नियमांनी ते एक वर्षावर आलं. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्राला 675 तास दिले आणि त्यातले 415 प्रात्यक्षिक व लहान गटांतल्या शिकवण्यासाठी राखले. कागदावर हे बरं दिसतं. त्याच अभ्यासक्रमात 'मृतदेह हा आपला पहिला शिक्षक' असा एक स्वतंत्र पाठ आहे. मुलं कॅडेव्हरिक ओथ, म्हणजे मृतदेहाचा आदर राखण्याची शपथ घेतात, हात पुढे करून, गंभीरपणे. तो क्षण मला दरवर्षी हलवून जायचा. पण ज्या शिक्षकापुढे शपथ घेतली त्याच्याजवळ वर्षभरात पाच वेळाही पोचता आलं नाही, तर त्या मुलाने त्या शपथेचं काय करायचं?

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: आता व्हर्च्युअल टेबल आलं आहे. पलंगाएवढा टचस्क्रीन, त्यावर खऱ्या माणसाच्या स्कॅनवरून बनवलेलं शरीर. बोट फिरवलं की त्वचा जाते, अजून फिरवलं की स्नायू जातात. चूक झाली तर परत मागे जाता येतं. हे टेबल मी वापरलं आहे आणि मला ते आवडतं. छेद कसा घ्यायचा, सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या करड्या वर्तुळांचा पोटातल्या अवयवांशी संबंध कसा लावायचा, हे त्यावर फार छान शिकवता येतं. जगात काही ठिकाणी तर विच्छेदन सोडूनच दिलं आहे. इंग्लंडमध्ये 2002 मध्ये सुरू झालेल्या पेनिन्सुला मेडिकल स्कूलने मृतदेहांशिवाय शिकवायचं ठरवलं. क्लीव्हलंडमध्ये केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने 2019 मध्ये नवी इमारत उघडली, ती होलोग्राम चष्म्यांच्या भरवशावर. हे लोक मूर्ख नव्हेत. आणि विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मीच सांगते: विच्छेदन करून शिकलेल्या आणि मॉडेल, स्क्रीन किंवा आधीच कापून ठेवलेल्या नमुन्यांवर शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या गुणांची तुलना झाली आहे आणि त्यात फारसा फरक दिसलेला नाही.

मी हे मान्य करते. माझा प्रश्न आहे तो परीक्षा काय मोजते हा.

तुमचा हात समोर धरा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येईल. ती पाल्मारिस लाँगस या स्नायूची. काही वाचकांना ती दिसणार नाही, कारण त्यांच्या हातात हा स्नायूच नाही. त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. पुस्तकातल्या चित्रात आणि स्क्रीनवरच्या शरीरात तो असतोच. मूत्रपिंडाला एक धमनी जाते असं आपण शिकवतो, पण साधारण चारांत एका माणसाला जादाची धमनी असते. अपेंडिक्स कुठे दडून बसेल सांगता येत नाही. पित्ताशयाच्या नळीजवळ, जिथे शल्यविशारद दुर्बिणीतून क्लिप लावतो तिथे, धमनी आणि नळ्या इतक्या तऱ्हांनी एकमेकींना ओलांडतात, की चुकीच्या नळीला क्लिप लागून पेशंट आयुष्यभराचा आजारी होतो. एका हॉलमध्ये दहा टेबलं असतील आणि मुलं एकमेकांच्या टेबलावर जाऊन पाहत असतील, तर त्यांना सहा महिन्यांत कळतं की पुस्तकातलं शरीर हे सरासरी शरीर आहे आणि तसा हुबेहूब माणूस क्वचितच भेटतो. 'मॅडम, आमच्या टेबलावर हे नाहीये' हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. ते ऐकलं की मला बरं वाटे. त्या मुलाने चित्रावर विश्वास ठेवण्याआधी डोळ्यांनी पाहिलेलं असे.

दुसरी गोष्ट हाताची. शस्त्रक्रिया करणारे 'प्लेन सापडला' असं म्हणतात. दोन थरांच्या मध्ये एक जागा असते, तिथे बोट घातलं की थर आपोआप सुटतात आणि रक्त येत नाही. बोटभर बाजूला गेलात तर सगळं फाटतं. ती जागा डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळते. संत्र्याची साल काढताना कळते तशी. नस (नर्व्ह) आणि शीर (रक्तवाहिनी) दोन्ही पांढुरक्या दोऱ्यांसारख्या दिसतात, पण चिमटीत धरलं की एक भरीव लागते आणि दुसरी चपटी होते. काचेवर बोट फिरवून हे येणार नाही. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत.

फॉर्मेलिनने कडक झालेला देह जिवंत शरीरासारखा नसतो, हा आक्षेप खरा आहे. शिवाय फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं. आमच्यासारख्यांनी आयुष्य त्या वासात काढलं, मामांनी तर आमच्याहून जास्त. पण त्यावर उपाय आहेत. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थिल यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत देह मऊ राहतो, सांधे हलतात आणि फॉर्मेलिन अगदी कमी लागतं. ती महाग आहे. हवा खेळती ठेवणारी यंत्रणाही महाग आहे. पण टचस्क्रीन टेबलावर लाखो रुपये खर्च करणाऱ्या संस्थेने यालाही पैसे नाहीत म्हणू नये.

तिसरी गोष्ट सांगायला मला जरा कठीण जातं. सतरा-अठरा वर्षांचं मूल 'नीट'च्या क्लासमधून थेट इथे येतं. त्याने दोन वर्षं फक्त पर्याय निवडले आहेत: अ, ब, क किंवा ड. आयुष्यात पहिल्यांदा ते एका मेलेल्या माणसाचा हात हातात घेतं. नखं पाहतं. एखाद्या आजीच्या पायाला जोडव्यांची खूण असते, बोटात अडकून वर्षानुवर्षं झालेली. त्या दिवशी त्या मुलाच्या मनात जे होतं त्याला गुण देता येत नाहीत. पण पुढे तोच मुलगा रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत एखाद्या बाईला तिचा नवरा गेल्याचं सांगणार असतो. त्याला तिथवर नेणारा रस्ता या हॉलमधून जातो, असं मी अनुभवावरून सांगते.

आता हेच सगळ्यांना लागू आहे का? नाही, आणि इथे माझ्या व्यवसायातल्या अनेकांशी माझे मतभेद आहेत. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला सांधे, स्नायू आणि नसा मुळापासून कळायला हव्यात. पण त्यासाठी त्याने छातीचा पिंजरा उघडण्याची गरज नाही. नीट विच्छेदन करून ठेवलेले हातपाय हाताळायला मिळाले तर ते त्याला पुरेत. दंतवैद्यकाला डोकं आणि मान खोलात हवी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला चांगले नमुने आणि चांगला शिक्षक हवा. देह कमी असताना सगळ्यांना सारखी सक्ती करायची आणि कुणालाच धड मिळू द्यायचं नाही, यात कोणताच न्याय नाही. एका चांगल्या विच्छेदनातून तयार झालेला नमुना दहा वर्षं शिकवतो. प्लास्टिनेशनची, म्हणजे ऊतींतलं पाणी काढून तिथे प्लास्टिक भरण्याची पद्धत हायडेलबर्गला 1977 मध्ये शोधली गेली, तिने तर तो कोरडा, बिनवासाचा होतो आणि हातात धरता येतो. वैद्यकीय महाविद्यालयांनी असे नमुने इतर शाखांना द्यावेत. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला मात्र मी विच्छेदनातून सूट देणार नाही, कारण विच्छेदन करून पाहावं असं त्याची स्वतःची परंपराच सांगते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पद्धत दिली आहे: देह स्वच्छ करून मुंज, कुश, वल्कलांत गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचा आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतला एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. शास्त्रात वाचलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं, दोन्ही मिळूनच ज्ञान वाढतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मधली कित्येक शतकं आपण स्पर्श-विटाळाच्या भीतीने हा अध्याय मिटून ठेवला. 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी तो पुन्हा उघडला.

देह येतात कुठून, हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. विच्छेदनाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात गरिबांच्या देहांचा इतिहास आहे. एडिंबरोत 1828 मध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा खून करून देह एका शरीररचनातज्ज्ञाला विकल्याचं उघड झालं. त्यानंतर 1832 मध्ये ब्रिटनने कायदा केला. विच्छेदनाला देह मिळवण्यासाठी कबरी उकरणं थांबलं, पण कसं? गरीबखान्यात मरणाऱ्या, ज्यांना न्यायला कुणी नाही अशांचे देह महाविद्यालयांना द्यायची सोय झाली. म्हणजे आधी फाशीच्या शिक्षेबरोबर विच्छेदन येई, आता ते गरिबीबरोबर यायला लागलं. आपला 1949 चा बॉम्बे अ‍ॅनॉटॉमी अ‍ॅक्ट याच घराण्यातला. रुग्णालयात किंवा सार्वजनिक जागी मरण पावलेल्या माणसावर ठरलेल्या मुदतीत कुणी हक्क सांगितला नाही, तर तो देह वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतो.

या कायद्याने कित्येक पिढ्यांचे डॉक्टर घडवले, माझ्यासकट. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. पण बेवारस म्हणजे कोण हे एकदा नीट पाहायला हवं. स्टेशनवर झोपणारा. बांधकामावर आलेला, ज्याचं गाव दुसऱ्या राज्यात आहे आणि ज्याचा फोन मरण्याआधीच चोरीला गेला असा मजूर. मनोरुग्णालयात तीस वर्षं काढलेली बाई. माझ्या एका टेबलावर 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे 50' असा टॅग असलेला देह होता. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदलेलं होतं: 'सुमन'. विच्छेदन सुरू व्हायच्या आधी एका मुलीने विचारलं, 'मॅडम, या बाई यांना शोधत असतील का हो?' मी म्हटलं, पोलिसांनी चौकशी केलेली असते. तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही नव्हतं. त्या हाताचा तेवढा भाग आम्ही त्वचेसकट राखला. याहून जास्त काही करणं माझ्या हातात नव्हतं.

त्या माणसाने कधी 'हो' म्हटलं नव्हतं. नकारही दिला नव्हता हे खरं, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. जिवंतपणी ज्यांना आपण चांगलं रुग्णालय दिलं नाही, त्यांचाच देह मेल्यावर डॉक्टर घडवायला वापरायचा आणि ते डॉक्टर बहुतेक करून दुसऱ्यांच्याच उपयोगी पडायचे, हे मला वर्षागणिक अधिक खुपत गेलं. शरीररचनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्येच शिफारस केली की देह फक्त जाणीवपूर्वक दिलेल्या दानातूनच यावेत. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका विद्यापीठाचं बेवारस देहांचं प्रकरण 2024 मध्ये बाहेर आलं, तेव्हा काही कुटुंबांना आपला माणूस गेल्याचंच तेव्हा कळलं. विद्यापीठाला तो कार्यक्रम थांबवावा लागला. आपल्याकडे असं प्रकरण होण्याची वाट पाहू नये.

उद्यापासून बेवारस देह बंद करा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर अर्धे हॉल रिकामे होतील आणि टचस्क्रीनवाल्यांचं आयतंच फावेल. दहा वर्षांची मुदत ठरवावी. दरवर्षी दानाने मिळालेल्या देहांचं प्रमाण वाढत गेलं पाहिजे आणि ते वाढत नसेल तर जागा कमी झाल्या पाहिजेत. हे व्यवहार्य नाही असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रात देहदानाला किती जुनी चळवळ आहे हे आठवावं. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत, विवेकवादी कार्यकर्त्यांत, निवृत्त शिक्षकांत फॉर्म भरून ठेवलेली माणसं आपल्याला सहज भेटतात. 2010 च्या जानेवारीत ज्योती बसू गेले आणि फेब्रुवारीत नानाजी देशमुख गेले. एक कट्टर कम्युनिस्ट, दुसरे संघाच्या मुशीत घडलेले आणि जन्माने हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. आयुष्यभर दोन ध्रुवांवर राहिलेल्या या दोघांनी आपला देह मात्र वैद्यकीय शिक्षणाला दिला. या बाबतीत विचारसरणी आड येत नाही. धर्मही फारसा येत नाही. देह हाती नसेल तर दर्भाचा पुतळा करून संस्कार करण्याची वाट आपल्या शास्त्रकारांनी मोकळी ठेवलेली आहे, हे मी कित्येक कुटुंबांना सांगितलं आहे. आणि त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी ते पटकन मान्य केलं. अडत असत ती मुलं आणि जावई.

आड येते ती व्यवस्था. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वीस वर्षांपूर्वी फॉर्म भरला होता. ते दिवाळीत गेले, नरकचतुर्दशीच्या पहाटे. घरच्यांनी कॉलेजला फोन लावला, कुणी उचलला नाही. दुसऱ्या कॉलेजने सांगितलं, देह ठेवायचा टँक भरलेला आहे. तिसरं साठ किलोमीटरवर होतं, ते म्हणालं घेऊन या, पण गाडी आमच्याकडे नाही. शववाहिका सुट्टीवर. शेवटी एका भाजीवाल्याच्या टेम्पोतून त्यांचा देह नेला. धाकट्या मुलाने मला सांगितलं, 'बाबांना दान द्यायचं होतं आणि आम्ही दारोदार फिरत होतो.' त्या घरातला पुढचा फॉर्म कोण भरेल?

घेता न येणारे देहही बरेच असतात: पोस्टमॉर्टेम झालेले, काही संसर्गजन्य आजारांचे, फार उशीर झालेले. हे फॉर्म भरतानाच नीट सांगितलं जात नाही. आणि मुख्य म्हणजे फॉर्म हा कायद्याने बांधणारा करार नव्हे. शेवटचा शब्द नातेवाइकांचा असतो. मरणाऱ्याची इच्छा किती पक्की होती हे त्यांना माहीत नसेल तर घरात आलेला एखादा काका 'आपल्यात असं करत नाहीत' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

मग पुढे त्या देहाचं काय होतं हेही सांगायला हवं, कारण दान देणाऱ्याला ते विचारायचा हक्क आहे. विच्छेदन संपल्यावर उरलेले भाग 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जातात. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव, प्रयोगशाळेतला ऊती-नमुना आणि वर्षभर ज्याला आपण पहिला शिक्षक म्हटलं तो, तिघांची पिशवी एकच. आरोग्याच्या दृष्टीने नियम बरोबर आहे, पण एवढंच करून थांबणं बरोबर नाही. थायलंडमध्ये अशा देहाला 'आचार्य याय', म्हणजे थोर गुरू म्हणतात. वर्ष संपल्यावर भिक्षूंच्या उपस्थितीत, कुटुंबासमोर त्यांचे अंत्यसंस्कार होतात आणि विद्यार्थी त्यांना खांदा देतात. तैवानमध्ये त्झू ची विद्यापीठात विद्यार्थी विच्छेदनाआधी देहदात्याच्या घरी जातात, तो कोण होता, काय करत होता हे ऐकून येतात आणि त्याच्या आयुष्याची हकिगत लिहितात. आपल्याकडे देहाचं नाव मुलांपासून लपवायची प्रथा आहे, त्यांना त्रास होईल म्हणून. मला उलट अनुभव आला. एका वर्षी दात्याच्या मुलीने परवानगी दिली आणि आम्ही टेबलाजवळ छोटी पाटी लावली: 'या बाई तीस वर्षं अंगणवाडी चालवत होत्या.' त्या टेबलावर वर्षभर कुणी मोठ्याने हसलं नाही. आणि त्या टेबलाचं विच्छेदन सगळ्यांत नीटस झालं होतं.

म्हणून माझ्या मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात चोवीस तास चालणारा देहदानाचा एकच फोन नंबर असावा आणि देह कुठल्या कॉलेजला जाईल हे त्या नंबरवरच्या माणसाने ठरवावं, कुटुंबाने नव्हे. एका ठिकाणी टँक भरलेला असताना दुसरीकडे टेबल रिकामं राहता कामा नये. गाडी सरकारची असावी. प्रत्येक देहाला शेवटपर्यंत टिकेल असा धातूचा टॅग असावा आणि विच्छेदनातून निघालेला प्रत्येक भाग त्याच क्रमांकाच्या डब्यात साठवावा, म्हणजे वर्षाच्या शेवटी अवशेष एकत्र येतील आणि ज्या कुटुंबाला अस्थी हव्यात त्यांना देता येतील. आज त्या देता येत नाहीत. एका मुलाने माझ्याकडे त्या मागितल्या होत्या, चंद्रभागेत सोडायला. आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दरवर्षी प्रत्येक महाविद्यालयाकडून आकडा मागवून तो सगळ्यांना पाहता येईल असा प्रसिद्ध करावा: देह किती, त्यातले दानाचे किती, एका टेबलावर विद्यार्थी किती. प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना फी किती आणि वसतिगृह कसं एवढंच कळतं. हाही आकडा त्यांना कळू दे.

तोवर ज्यांनी फॉर्म भरला आहे त्यांना एक विनंती. तो कपाटात फायलींच्या खाली ठेवू नका. मुलगा, मुलगी, सून, जावई, जे तुमच्या मृत्यूच्या वेळी घरात असण्याची शक्यता आहे त्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा आणि जो काका विरोध करेल असं वाटतं त्याला मुद्दाम बोलवा. जवळच्या दोन कॉलेजांच्या शरीररचनाशास्त्र विभागाचे नंबर मिळवा आणि सणासुदीच्या दिवशी एकदा फोन लावून पाहा, कुणी उचलतं का. नाही उचलला तर अधिष्ठात्यांना पत्र लिहा आणि त्याची एक प्रत स्थानिक वर्तमानपत्राला द्या.